उजवे आटे, डावे आटे : सायकलच्या मागच्या हबची घरगुती दुरुस्ती

सायकलच्या मागच्या चाकाच्या मध्यभागी दोन स्वतंत्र यंत्रे शेजारी शेजारी बसलेली असतात आणि ती एकाच आसाभोवती फिरत असल्यामुळे बाहेरून पाहणाऱ्यास एकच वाटतात. पहिले यंत्र म्हणजे हब, म्हणजेच ज्याच्या दोन्ही कडांच्या भोकांतून तारा निघून रिमपर्यंत जातात आणि ज्याच्या पोटातल्या छर्ऱ्यांवर सारे चाक फिरते तो नळकांड्यासारखा भाग. दुसरे म्हणजे फ्रीव्हील, हबच्या उजव्या तोंडावर आट्यांनी चढवलेले दातेरी चक्र, जे पायडल पुढे मारले की चाकाला पकडते आणि पाय थांबले की चाकाला मोकळे सोडते. या दोन यंत्रांचे आजार वेगळे, औषधे वेगळी आणि त्यांना उघडण्याच्या दिशाही वेगळ्या असल्यामुळे, घरी दुरुस्तीस बसलेल्या माणसाने पान्हा हाती घेण्याआधी दोष कोणाचा हे ठरवणे आवश्यक असते. फ्रीव्हीलच्या दोषापायी हब उघडला जाणे, किंवा हबच्या ढिलेपणासाठी नवे फ्रीव्हील विकत आणले जाणे, या दोन्ही गोष्टी घरगुती दुरुस्तीत वारंवार घडतात.

प्रस्तुत विवेचनात समोर धरली आहे ती आपल्याकडची जुन्या धाटणीची काळी सायकल: 28 इंची चाके, मागच्या चाकाला 40 आणि पुढच्याला 32 तारा, पुढे 44 किंवा 48 दात्यांचे चक्र आणि मागे बहुधा 18 दात्यांचे एकेरी फ्रीव्हील. मूळ इंग्रजी रोडस्टरची ही रचना स्वातंत्र्यानंतर लुधियाना, सोनीपत, अंबत्तूर अशा ठिकाणच्या कारखान्यांनी किरकोळ फरक करून लाखोंच्या संख्येने काढली, आणि मापे दीर्घकाळ न बदलल्यामुळे तिचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात. घरी दुरुस्ती करू पाहणाऱ्याचे निम्मे धैर्य या एका वस्तुस्थितीवर उभे असते, कारण काही मोडले तरी ते बाजारातून आणता येते.

सायकलला फ्रीव्हील जन्मापासून नव्हते. अमेरिकेतील विल्यम व्हॅन अँडेन यांनी अशा रचनेचे पेटंट 1869 सालीच घेतले असले, तरी तिचा सर्रास वापर एकोणिसावे शतक संपता संपता सुरू झाला, आणि तोपर्यंत चाक फिरते आहे म्हणजे पायडल फिरणारच, असाच नियम होता. उतारावर पाय उचलून धरावे लागत आणि वेग आवरण्यासाठी पायांनीच उलटा जोर द्यावा लागे. फ्रीव्हीलने पायांना विसावा दिला, पण वेग आवरण्याचे काम पायांकडून काढून घेतल्यामुळे भरवशाच्या ब्रेकची गरज निर्माण केली. म्हणून फ्रीव्हीलची दुरुस्ती करताना मागचे ब्रेक रबर पाहून घेण्याची जुन्या कारागिरांची रीत निव्वळ सोयीची मानता येत नाही.

फ्रीव्हीलचे अंतरंग समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीच उमगत नाही. त्याचे दोन मुख्य भाग असतात: हबवर आट्यांनी घट्ट बसणारा आतला गाभा आणि चेन ज्याच्यावरून जाते तो दातेरी बाहेरचा कडा. या दोहोंच्या मध्ये छोट्या छर्ऱ्यांच्या दोन ओळी असतात, आणि त्या ओळींच्या मधल्या पट्टीत गाभ्यावर सामान्यतः दोन खटके बसवलेले असतात, ज्यांना दुकानांत सर्रास ‘कुत्ते’ म्हणतात. केसासारख्या बारीक स्प्रिंगने हे खटके बाहेर रेटलेले असतात आणि कड्याच्या आतल्या अंगाला कापलेल्या तिरप्या दात्यांत ते अडकतात. कडा पुढे फिरला की दात्याचा उभा भाग खटक्यावर आदळून गाभ्याला, म्हणजे पर्यायाने चाकाला, ओढतो. चाक कड्याच्या पुढे धावू लागले की खटके दात्यांच्या उतरत्या बाजूवरून घसरत जातात आणि तो परिचित कटकट आवाज येतो. सायकलस्वाराचा सगळा जोर नखाएवढ्या दोन पोलादी तुकड्यांतून चाकाकडे जातो, ही गोष्ट फ्रीव्हील प्रथमच उघडून पाहणाऱ्यास खरी वाटत नाही.

दोषाचे निदान हात आणि कान या दोन साधनांनी होते. सायकल स्टँडवर उभी करून मागचा रिम दोन्ही बाजूंनी हलवून पाहावा. तो चौकटीच्या चिमट्यात डावी-उजवीकडे डुलत असेल तर हबचे कोन, म्हणजे आसावरचे निमुळते पोलादी तुकडे, ढिले झालेले असतात किंवा छर्रे झिजलेले असतात. चाक जोरात फिरवून हात चौकटीवर ठेवला असता तळहाताला खरखर जाणवली, तर कोनावर खड्डे पडल्याची शंका घ्यावी. पायडल मारले असता पाय एकदम मोकळा पुढे जातो आणि चाक जागचे हलत नाही, असे झाल्यास खटके वाळलेल्या ग्रीसमध्ये किंवा गंजात चिकटून आत बसलेले असतात, अथवा त्यांची स्प्रिंग तुटलेली असते. याच्या उलट, पाय थांबवूनही पायडल चाकाबरोबर फिरत राहतात आणि वरच्या बाजूची चेन ढिली पडून लोंबते, असे दिसल्यास फ्रीव्हील आतून कोरडे पडले आहे असे समजावे. चढावर जोर लावताना खट्कन बसणारा हिसका मात्र फसवा असतो: तो बहुधा फ्रीव्हीलच्या पोटातून येत नाही, तर बाहेरचे झिजून आकड्यासारखे झालेले दाते आणि ताणून लांबलेली चेन यांच्या विसंवादातून येतो, आणि त्यावर तेल हा उपाय नाही. फिरताना फ्रीव्हील किंचित हेलकावे घेते यावरूनही नवखा माणूस घाबरतो. पण साध्या बनावटीत तेवढा हेलकावा नव्या मालातही असतो आणि त्याची दखल घेण्याचे कारण नाही.

चाक उतरवण्याविषयी फार लिहिण्यासारखे नाही. जुन्या सायकलीत आसाच्या दोन टोकांवर मडगार्डच्या काड्या, कॅरियर, स्टँड आणि चेन ताणण्याचे आकडे असे सगळेच येऊन बसलेले असते, त्यामुळे प्रत्येक वायसर कोणत्या क्रमाने निघाला हे जमिनीवरच्या कागदावर त्याच क्रमाने मांडून ठेवावे, म्हणजे संध्याकाळी शिल्लक राहिलेल्या दोन वायसरांकडे पाहत बसण्याची पाळी येत नाही.

खरा विषय सुरू होतो तो आट्यांपाशी. फ्रीव्हील हबवर उजव्या आट्यांनी बसते, म्हणजे सायकलच्या उजवीकडून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवले की आवळते, आणि चेनही त्याला पुढे जाताना नेमके त्याच दिशेने ओढत असते. 60 किलो वजनाचा माणूस सुमारे साडेसहा इंची आडव्या क्रँकवर सगळा भार देऊन उभा राहिला, तर 48 दात्यांच्या चक्रावरून जाणाऱ्या चेनवर साधारण 100 किलोचा ताण येतो. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक चढावर हा ताण फ्रीव्हीलला आणखी थोडे आवळत असतो, आणि म्हणून काही वर्षे चाललेले फ्रीव्हील हाताने, साध्या पान्ह्याने किंवा रागाने निघत नाही. हेच फ्रीव्हील पुढून आवळून धरणारे झाकण मात्र डाव्या आट्यांचे असते, आणि दोन टिकल्यांएवढ्या भोकांत खिळा लावून ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे ठोकले तरच सुटते. त्याचे कारण शोधताना सायकल उतारावरून पाय न मारता चालली आहे अशी कल्पना करावी. त्या वेळी गाभा चाकाबरोबर पुढे धावतो आणि कडा थांबलेला असतो, म्हणजे गाभ्याच्या दृष्टीने कडा मागे जात असतो. मधले छर्रे झाकणालाही थोडे मागे ओढू पाहतात. झाकणाचे आटे उजवे असते तर ही ओढ त्याला रोज थोडे सैल करत गेली असती. डावे असल्यामुळे तीच ओढ त्याला आवळते. अशा रीतीने पाय मारण्याने एक जोड घट्ट होतो आणि पाय न मारण्याने दुसरा. ज्याला हे कारण एकदा पटले त्याला दिशा पाठ कराव्या लागत नाहीत, आणि कारण न समजता पाठ केलेली दिशा ऐन वेळी, घामेजल्या हाताने, हमखास उलटी आठवते.

फ्रीव्हील काढण्यासाठी त्याच्या तोंडावरच्या खाचांत नेमकी बसणारी चावी लागते. ही चावी खाचांतून निसटली तर खाचा कायमच्या मोडतात, म्हणून ती बसवल्यावर आसाचाच नट तिच्यावर हलकेच फिरवून तिला जागी धरून ठेवावे, मग चावी व्हाइसमध्ये पकडून चाक दोन्ही हातांनी डावीकडे फिरवावे. चाकाचा घेर मोठा असल्यामुळे दांडा लांब मिळतो आणि एरवी न हलणारे फ्रीव्हील अचानक एका कडक आवाजासह सुटते. सुटल्याबरोबर थांबून तो नट सैल करणे आवश्यक असते, नाहीतर सुटू पाहणारे फ्रीव्हील त्याच नटावर जोर करून आस वाकवते. घरी व्हाइस नसेल तर गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे किंवा सायकलच्या दुकानात तेवढ्यापुरते जाण्यात कमीपणा मानू नये. आणखी एक खबरदारी अशी की, रिम बदलायचा असला तरी फ्रीव्हील आधी काढल्याशिवाय तारा सोडू नयेत, कारण तारांविना सुट्या हबला धरायला दांडाच उरत नाही. परत बसवताना आट्यांवर ग्रीसचा पातळ हात फिरवणे हे पुढच्या वेळच्या दुरुस्तीवरचे मोठे उपकार ठरतात.

हबच्या पोटात आस असतो, आसावर दोन्ही बाजूंना कोन, म्हणजे आट्यांवर पुढे-मागे सरकणारे निमुळते पोलादी तुकडे, आणि हबच्या दोन्ही तोंडांत दाबून बसवलेल्या वाट्या. कोन आणि वाटी यांच्यामध्ये पाव इंच व्यासाचे, म्हणजे 6.35 मिलिमीटरचे, बहुतेक प्रत्येक बाजूला 9 छर्रे असतात; पुढच्या चाकात ते याहून बारीक असतात. डावीकडचा लॉकनट आणि कोन सोडून आस उजवीकडून बाहेर ओढताना खाली ताट किंवा जुने फडके पसरलेले असावे, कारण ग्रीस सुकलेले असेल तर छर्रे एकदम सुटून फरशीवर पळतात. सुट्या छर्ऱ्यांऐवजी जाळीत बसवलेले छर्रे निघाले तर जाळी फेकून सुटे छर्रे घालण्याकडे अनुभवी कारागिरांचा कल असतो. जाळीत छर्रे कमी मावतात, आणि छर्रे जितके अधिक तितका भार अधिक ठिकाणी वाटला जातो, हे त्यामागचे कारण रास्त आहे.

धुण्यासाठी पूर्वी रॉकेल हेच सर्वमान्य द्रव्य होते. शहरांत ते दुर्मीळ झाल्यापासून डिझेल वापरले जाते, आणि पेट्रोल वापरण्याचा मोह मात्र घरात तरी टाळावा. धुऊन कोरडा केलेला कोन उजेडात फिरवून पाहिला की हबचा सगळा इतिहास त्याच्यावर लिहिलेला दिसतो. छर्ऱ्यांचा मार्ग एकसारखी चकचकीत रेघ म्हणून उमटला असेल तर कोन निरोगी; त्या रेघेवर सुईने टोचल्यासारखे ठिपके असतील तर तो थोड्याच काळाचा सोबती; आणि बोटाच्या नखाला लागावेत असे खड्डे असतील तर तो बदलावाच, कारण खड्डेदार कोनावर नवे छर्रे घालणे म्हणजे छर्रेही वाया घालवणे होय. छर्रे मात्र, ते कितीही चांगले दिसोत, दर वेळी नवे आणि सगळे एकाच पुड्यातले घालावेत. जुन्या आणि नव्या छर्ऱ्यांच्या व्यासात डोळ्याला न दिसणारा जो फरक असतो, त्यामुळे भार थोड्याच छर्ऱ्यांवर येतो. वाटीवरच खड्डे पडले असतील तर घरगुती दुरुस्तीची हद्द संपली असे मानावे.

वाटीत ग्रीस भरून त्यात छर्रे एकेक करून रोवायचे, आस काळजीपूर्वक आत सारायचा आणि डावा कोन हाताने जेमतेम टेकेपर्यंत फिरवायचा, इथपर्यंत सगळे सांगून जमण्यासारखे आहे. त्यापुढे जे उरते ते सांगून जमत नाही. कोन फार आवळला तर छर्रे पिचतात आणि कोन लवकर फुटतो, ढिला राहिला तर प्रत्येक खड्ड्यात छर्रे कोनावर आदळतात. आणि या दोहोंमधली योग्य जागा पान्ह्याच्या अगदी थोड्या फेऱ्यात असते. त्यात भर अशी की कोनाचे आटे आसावर किंचित सैल असतात, त्यामुळे आधी नेमका साधलेला कोन लॉकनट आवळल्याबरोबर आत ढकलला जातो आणि साधलेले बिघडते. म्हणून कोन अपेक्षेपेक्षा अंमळ सैल ठेवून, पातळ पान्ह्याने त्याला जागी धरून, मग लॉकनट आवळावा, आणि तरीही पहिल्या खेपेस ते साधेल अशी अपेक्षा ठेवू नये. आस दोन बोटांत धरून फिरवला असता जड पण सलग वाटावा. कणाकणाने अडखळत असेल तर तो आवळलेला आहे. चाक चौकटीत बसवल्यावर आणखी एक कसोटी घेता येते. चेन न चढवता चाक हलकेच सोडले असता ट्यूबच्या व्हॉल्व्हकडची जड बाजू आपोआप खाली येऊन, लोलकाप्रमाणे पुढे-मागे झुलून थांबली पाहिजे, आणि त्याच वेळी रिम धरून हलवला असता खडखडता कामा नये. या दोन अटी एकाच वेळी पुऱ्या होतात ती जागा हाताला सापडली की पुढच्या हबमध्ये तीच जागा शोधायला निम्मा वेळ लागतो. कोणत्याही पुस्तकातून हा अर्धा वेळ वाचत नाही.

फ्रीव्हीलची देखभाल याहून सोपी आहे, कारण शहाणपण ते न उघडण्यात आहे. चाकावरून काढलेले फ्रीव्हील आडवे ठेवून गाभा आणि कडा यांच्या फटीत रॉकेल किंवा डिझेल सोडावे, हाताने उलटे फिरवत राहावे, काळे पाणी जाऊन स्वच्छ येऊ लागेपर्यंत हे चालवावे, मग ते पूर्ण निथळू द्यावे आणि शेवटी शिलाई मशिनचे पातळ तेल सोडावे. इथे ग्रीस कटाक्षाने टाळावे. हबमध्ये जे ग्रीस हितकर असते तेच फ्रीव्हीलमध्ये खटक्यांना त्यांच्या घरातच चिकटवून ठेवते, आणि आधी सांगितलेला मोकळ्या पायाचा दोष दुरुस्ती करणाऱ्याच्याच हातून तयार होतो. या धुण्याने दहांतली बहुतेक फ्रीव्हीले पुन्हा बोलू लागतात.

तरीही स्प्रिंग तुटली असेल, किंवा निव्वळ जिज्ञासा असेल, तर झाकण उघडावे, पण आत काय आहे हे जाणून उघडावे. इंचाचा आठवा भाग व्यासाचे डझनावारी छर्रे दोन ओळींत आणि त्यांच्यावर कागदाएवढ्या पातळ चकत्या असतात. या चकत्यांच्या जाडीवर कड्याचा ढिलेपणा ठरतो. हेलकावा जास्त वाटला म्हणून एक चकती काढली तर तो कमी होतो, आणि एक अधिक काढली तर फ्रीव्हील जागीच आखडते. परत जुळवताना खालच्या ओळीचे छर्रे ग्रीसच्या अगदी नाममात्र लेपाने चिकटवावेत, आणि स्प्रिंगने बाहेर उडू पाहणारे दोन्ही खटके शिवणाच्या दोऱ्याने गाभ्याशी बांधून कडा वरून उतरवावा. कडा जागी बसला की दोरा ओढून घ्यावा, म्हणजे खटके आपोआप दात्यांत जातात. हे काम रमवणारे असले तरी आर्थिक दृष्ट्या ते टिकत नाही, कारण साधे फ्रीव्हील इतके स्वस्त मिळते की उघडण्यात गेलेल्या दुपारची किंमत त्याहून जास्त होते. ज्याला यंत्र आतून पाहायचे आहे त्याने एकदा, तेही टाकाऊ फ्रीव्हीलवर, हा प्रयोग अवश्य करावा.

गिअरच्या सायकलींत ही रचना आता मागे पडत चालली आहे, आणि त्यात तथ्यही आहे. फ्रीव्हील हबच्या बाहेर चढत असल्यामुळे उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला राहतात आणि आसाचा मोठा तुकडा आधाराविना बाहेर लोंबतो. एकेरी चक्रात ते खपून जाते, पण सहा-सात चक्रे एकावर एक रचली की तो आस वाकतो किंवा मोडतो. शिमानोने 1978 साली आणलेल्या फ्रीहबमध्ये खटक्यांचे यंत्र हबचाच भाग करून उजवे छर्रे जवळजवळ चौकटीपर्यंत बाहेर नेले गेले, आणि हा दोष मुळातूनच गेला. बंद बेअरिंगांनी कोन साधण्याची कटकटही संपवली, पण त्याबरोबर दुरुस्तीचा अर्थ बदलला: बंद बेअरिंग खराब झाले की ते ठोकून काढायचे आणि दुसरे ठोकून बसवायचे. वेगाने आणि दूर जाणाऱ्यांना ते सोयीचे आहे. दुधाच्या किटल्या, गॅसची टाकी किंवा पाठीमागे बसलेला मुलगा घेऊन गावातल्या गावात फिरणाऱ्या सायकलीला मात्र जुना कोन आणि छर्रेच परवडतात, कारण ते झिजत झिजत, आधी इशारा देऊन बिघडतात आणि त्यांचा इलाज दहा मिनिटांच्या वाटेवर मिळतो.

वेळापत्रकाचा प्रश्न आपल्या हवामानाने आधीच सोडवलेला आहे. कोकणात किंवा घाटमाथ्यावर चार महिने भिजलेल्या सायकलीच्या हबमध्ये पाणी शिरलेले असतेच, आणि ग्रीसचे दुधाळ पांढरे लोणी झालेले असते. तेव्हा खंडेनवमीला सायकल धुऊन तिला झेंडूची माळ घालण्याच्या आदल्या रविवारी हब उघडला, तर वर्षाचे काम उरकते. पुराच्या पाण्यातून गेलेल्या सायकलीने तेवढी वाटही पाहू नये. ज्या जुन्या हबच्या मध्यावर तेलाचे भोक आणि त्यावर स्प्रिंगची पट्टी असते, तिथे अधूनमधून तेल सोडण्याची सवय चांगली नव्हे, कारण ते तेल आतले ग्रीस पातळ करून तारांवर आणि रिमवर आणून सोडते, आणि रिमवर तेल म्हणजे ब्रेक गेला.

ही सारी हत्यारे एकदम विकत घेण्याची आवश्यकता नाही. फ्रीव्हीलची चावी आणि व्हाइस ही दुकानातून तासाभरासाठी मिळणारी साधने आहेत, आणि झाकण ठोकायला जाड खिळाही चालतो. पण कोन धरण्याचा पातळ पान्हा दुकानदार सहसा हातचा सोडत नाही, आणि जाड पान्हा लॉकनटाला धक्का दिल्यावाचून कोनावर बसत नाही. म्हणून ज्यांना एकच वस्तू घ्यायची आहे त्यांनी आपल्या कोनाच्या मापाचा पातळ पान्हा घ्यावा.